दारातली जुनी गाडी आणि सकाळी सातची पाळी



मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही दोन ओळींची विनंती छापली होती: कोणाकडे वापरात नसलेली, पण चालू स्थितीतली दुचाकी असल्यास केंद्राला कळवावे. त्यानंतर महिनाभर माझा फोन वाजत राहिला. प्रभूची स्तुती असो, इतक्या लोकांनी ते शेवटचे पान वाचले हेच मला पुष्कळ वाटले. पण फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दुचाकी नव्हे, तर कार देऊ केली. पुण्याच्या एका मंडळीतले वडीलजन म्हणाले, "ताई, चौदा वर्षांची आहे, पण एसी अजून चालतो. पार्किंगमध्ये नुसती उभी आहे. फुकट देतोय, फक्त माणूस पाठवा आणि घेऊन जा." मी लगेच हो म्हटले नाही. त्यांना वाईट वाटले, हे आवाजावरून कळले. देणाऱ्याला थांबवणे आमच्यासारख्यांना जड जाते, कारण आयुष्यभर आम्ही मागण्याचेच काम केलेले असते. म्हणून फोनवर अर्धवट सांगितलेले येथे सविस्तर लिहिते.

आमचे काम नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पाड्यांवर चालते. मावची, कोकणी, भिल्ल अशी वस्ती. महामार्गावर उभे राहिले तर रात्रंदिवस ट्रकांची रांग. पण पाडे महामार्गापासून चार-सहा किलोमीटर आत, आणि तिथून वाहन मिळणे हे नशिबावर. शेती पावसावरची. भात आणि तूर घरात आली की दिवाळीनंतर गावात हाताला काम राहत नाही. मग दोन वाटा उरतात. एक, मुकादमाकडून उचल घेऊन बायकोमुलांसह गुजरातमध्ये बारडोली, मढीच्या ऊसपट्ट्यात तोडणीला जायचे. दुसरी, रोज जाऊन-येऊन जवळपासचे काम धरायचे: नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कापड कारखाने, पोल्ट्री, महामार्गावरची हॉटेले, दवाखाने. ही दुसरी वाट सगळ्यांनाच हवी असते, पण ती वाट वीस-बावीस किलोमीटरची आहे.

कारखान्याची पहिली पाळी सकाळी सातला लागते. आमच्या बाजूने येणारी पहिली एसटी नवापूरला पोहोचते साडेआठला. काळीपिवळी जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि पाळी सुटल्यावर संध्याकाळी पाड्याकडे जाणारे काहीच नसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचा आमच्या बायकांना फार उपयोग झाला. पण जी बस वेळेवर नाही तिचे तिकीट अर्धे असले काय आणि पूर्ण असले काय. आठवड्यातून दोनदा उशीर झाला की ठेकेदार तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस घेतो. त्याला दोष देऊनही उपयोग नाही, दारात माणसे उभीच असतात.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघेही दरवर्षी तोडणीला जात. उचल आधीच खर्चून झालेली, ती फेडायला ऊस तोडायचा, परत येईपर्यंत नवी उचल डोक्यावर. थोरली मुलगी चौथीत असताना धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला बरोबर नेले. होळीला परत आले तेव्हा तिची परीक्षा तोंडावर होती आणि तिला मधले काही येत नव्हते. पुढच्या वर्षी ती शाळेत गेलीच नाही. तीन वर्षांपूर्वी या कुटुंबाला धुळ्याच्या एका बंधूंनी दिलेली शंभर सीसीची मोटारसायकल मिळाली. नवरा आता कापड कारखान्यात सातच्या पाळीला जातो, मागे शेजारचा एक मुलगा बसतो, पेट्रोल दोघांत. पगार फार नाही. उसातल्या हंगामाच्या हिशोबात धरला तर फरक थोडाच पडेल. पण तो रात्री झोपायला घरी येतो. बायको घरीच आहे, चार शेळ्या आहेत, आणि धाकटा यंदा आठवीत बसला आहे. थोरलीचे लग्न झाले. तिच्या वेळी गाडी नव्हती.

ज्यांना आम्ही "गाडीचे दान" म्हणजे काय असे सांगतो, त्यांना मी हे घर दाखवते. गाडीने श्रीमंती येत नाही. कुटुंब एका जागी राहते, एवढे मात्र होते.

आता कारला मी पटकन हो का म्हणत नाही, त्याचा हिशोब मांडते. पाड्यापासून कारखाना २२ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४४. जुनी मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असे धरू, आणि पेट्रोल १०५ रुपये. रोजचे साधारण ९२ रुपये होतात, दोघे बसले तर माणशी ४६. जुनी कार गावाकडच्या रस्त्याला लिटरमागे १४ किलोमीटर देईल. म्हणजे रोजचे ३३० रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. अख्ख्या दिवसाची मजुरी टाकीत ओतूनही कार कारखान्यापर्यंत जाऊन परत यायची नाही. विम्याचेही तसेच. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता जो सक्तीचा विमा असतो, त्याचा २०२२ साली ठरलेला वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीच्या कारला ३४१६ रुपये, वर कर वेगळा. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग हे तर मी धरलेच नाही. आपण ज्याला कार दिली त्याने ती पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवली आणि नंतर कोंबड्या आत बसू लागल्या, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरमालकाची त्यात चूक नव्हती.

"मग चार-पाच जणांनी मिळून कार वापरावी, इतरांकडून भाडे घ्यावे," असे काही जण सुचवतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्याला परवाना लागतो. तसे करताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गरिबाच्या हातात आपण कोर्टाचे झंझट द्यायला नको.

ही कल्पना मुळात आमची नाही, हेही सांगायला हवे. थिऑलॉजीचा डिप्लोमा करत असताना ग्रंथालयात एका मासिकात मी 'गुड न्यूज गॅरेज'बद्दल वाचले होते. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टन येथे १९९६ साली हॅल कोल्स्टन यांनी ते सुरू केले, लुथरन समाजसेवा संस्थेचा उपक्रम म्हणून. छोटी विखुरलेली गावे, हिवाळ्यात बर्फ, बस कमी. तिथे कार नसेल तर नोकरीला जाताच येत नाही. त्याच वर्षी तिथल्या सरकारने मदत घेणाऱ्या कुटुंबांना काम करण्याची अट घालणारा कायदा केला, त्यामुळे कामावर पोहोचणे हा आणखी मोठा प्रश्न झाला. लोक आपल्या जुन्या कार देत. मेकॅनिक त्या तपासत, दुरुस्त करत, मग गरजू कुटुंबाला देत. जी गाडी रस्त्यावर पाठवण्यासारखी नसे ती विकून पैसे कामाला लावत. व्हर्माँटमध्ये कार हीच योग्य वस्तू होती. नवापुरात ती नाही, एवढाच फरक. पण मला त्या नावाने विचारात पाडले. नावात शुभवर्तमान आहे, आणि गॅरेजही आहे. आपल्या दानात बहुतेक वेळा गॅरेज राहून जाते.

माझ्याकडून ते राहून गेले होते, म्हणून एवढ्या जोराने लिहिते आहे.

२०१९ साली नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली मोटारसायकल दिली. उत्तम ठेवलेली. त्यांनी आरसी बुक दिले, हस्तांतराच्या अर्जांवर सह्या करून दिल्या. ऊसतोडीची ट्रक दोन दिवसांत येणार होती आणि एका तरुणाला थांबवायचे होते, म्हणून मी घाई केली. उपासनेनंतर प्रार्थना झाली, किल्ली दिली, फोटो काढला. तो फोटो याच वार्तापत्रात छापून आला. कागद माझ्या कपाटात राहिले. पुढच्या आठवड्यात आरटीओला जाऊ असे म्हणता म्हणता सात महिने गेले. मध्येच विम्याची मुदत संपली, ते ना त्या तरुणाच्या लक्षात आले ना माझ्या.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेहुणा ती गाडी घेऊन निघाला. त्याच्याकडे लायसन्स नव्हते. बाजारातून गाठोडे घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्या आजीला त्याने धडक दिली. तिचा खुबा मोडला. पोलीस केस झाली, पुढे मोटार अपघात दावा प्राधिकरणात नुकसानभरपाईचा दावा लागला. कागदोपत्री गाडी अजून नाशिकच्या सरांच्या नावावर, त्यामुळे नोटीस त्यांच्या दारात गेली. त्यांचे वय तेव्हा ७४. त्यांनी मला फोन केला. रागावले नव्हते, गोंधळले होते. "ताई, मी गाडी देवाच्या कामाला दिली होती ना? मग कोर्टाचा कागद माझ्या नावाने कसा आला?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर कायद्यात होते, मी ते वाचले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी प्रत्यक्ष कोणालाही विकलेली वा दिलेली असो, नोंद बदललेली नसेल तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. आमचे प्रकरण शेवटी लोकअदालतीत तडजोडीने मिटले. रक्कम आम्ही समितीच्या काही जणांनी आणि त्या तरुणाने हप्त्याहप्त्याने भरली. सरांनी, नको म्हणत असतानाही, त्यात आपला वाटा घातला. आजी आता काठी घेऊन अंगणापुरती चालते, बाजारला जात नाही. मी अजून तिच्याकडे जाते. ती मला कधी काही बोलली नाही, चहा ठेवते.

विमा म्हटले की आपल्याला वाटते तो आपल्या गाडीसाठी असतो. सक्तीचा विमा आहे तो रस्त्यावरच्या त्या आजीसाठी. तो चालू असता आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स असते, तर तिला पैशांसाठी आमच्या हप्त्यांची वाट पाहावी लागली नसती. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले एवढे आपल्याला पाठ असते. उतारशाळेच्या मालकाला त्याने दोन दीनार दिले आणि पुढचा जास्तीचा खर्च परत येताना देण्याचे कबूल केले, हे उपदेशात बहुतेकदा घाईत येते. माझ्याही येत असे.

तर आता कागदांबद्दल. हे रुक्ष वाटेल, पण गाडी देऊ इच्छिणाऱ्याने हाच भाग कापून ठेवावा.

गाडी देताना मालकाने नमुना २९ वर हस्तांतराची सूचना द्यायची आणि नमुना ३० वर दोघांच्या सह्यांनी अर्ज करायचा. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने ही सूचना १४ दिवसांत द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोघांच्या ओळखीचे कागद. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज जायला हवा. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि कर्ज कधीच फिटले असेल, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. पुष्कळांना हे गाडी देतानाच कळते. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवून घ्यावा. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून येत असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र तुमच्याकडच्या आरटीओतून घेऊन ठेवावे. पुण्याहून आम्हाला नंदुरबारसाठी, म्हणजे एमएच-३९ साठी, ते आणायला लागले आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटीही लागते, ती बसवूनच द्या. सह्या करून कोरे अर्ज हातात देऊ नका, आणि आमच्यावरही विसंबू नका. नाव बदलल्याचा संदेश तुमच्या मोबाइलवर येईपर्यंत आम्हाला फोन करत राहा. मला त्याचा राग येणार नाही.

सुरत, व्यारा भागातल्या आपल्या बांधवांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुमची मंडळी आमच्यापासून तासा-दोन तासांवर, मने त्याहून जवळ, पण गुजरातची नोंदणी असलेली गाडी महाराष्ट्रात कायमची वापरायची तर ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर, हे सगळे करावे लागते. जुन्या दुचाकीच्या मानाने तो खर्च परवडत नाही. नवापूर स्टेशनात अर्धा फलाट एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात आहे, त्यामुळे आमच्या लोकांना सीमा फारशी जाणवत नाही. आरटीओला जाणवते. तुम्ही गाडी तिकडेच विका आणि रक्कम पाठवा.

या वेळच्या फोनांत तीन फोन असे होते, की गाडी वारलेल्या माणसाची आहे. मुंबईच्या एका भगिनींनी पतीची स्कूटर दोन वर्षे झाकून ठेवली होती. रोज सकाळी ते तिच्यावरूनच कामाला जात. "ती कोणाला तरी कामावर नेऊ दे," एवढेच त्या म्हणाल्या. अशी गाडी थेट तिसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर नोंद व्हावी लागते, त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मृत्यूची सूचना ३० दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचते? उशीर झाला म्हणून गाडी अडून राहत नाही, दंड भरून काम होते. त्या भगिनींची स्कूटर मार्चमध्ये त्यांच्या नावावर झाली आणि आता आमच्या एका परिचारिकेकडे आहे.

या परिचारिकेबद्दल थोडे. ती खासगी दवाखान्यात आहे. सकाळची पाळी तिला मिळत नसे, कारण वेळेवर पोहोचण्याची खात्री नव्हती. दुपारची घेतली तर रात्री परतायला वाहन नाही. स्कूटर तिच्या नावावर केली, भावाच्या नाही. भावाने विचारले होते, "ताई, गाडी माणसाच्या नावावर असलेली बरी नाही का?" मी म्हटले, "माणसाच्याच नावावर करतोय." तो हसला, पण त्याला कळले. बाईच्या कामासाठी आलेली गाडी बाईच्या नावावर, हा आमचा नियम अनुभवातून आला आहे. नाहीतर गाडी दिवसभर दुसरीकडे फिरते आणि बाई पुन्हा रस्त्यावर जीपची वाट पाहत उभी.

गाडी कोणाला द्यायची हे पाच जणांची समिती ठरवते. हातात काम आहे किंवा कामाचा शब्द मिळाला आहे, अंतर चालण्यापलीकडचे आहे, आणि घरातून स्थलांतर होते, हे पाहिले जाते. कोण कोणत्या मंडळीत जातो, किंवा जातो की नाही, हे पाहिले जात नाही. सध्याच्या लाभार्थींत निम्मे तरी आपल्या उपासनेला येत नाहीत, आणि गाडी मिळाली म्हणून त्यांनी यावे असे आम्ही सुचवतही नाही. लायसन्स हातात आल्याशिवाय किल्ली मिळत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, ते काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. कच्च्या लायसन्ससाठी संगणकावरची परीक्षा असते. घरी मावची बोलणाऱ्या आणि सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला मराठीतले वाहतुकीचे प्रश्न अवघड जातात, म्हणून केंद्रात आम्ही चिन्हांची चित्रे लावून तयारी करून घेतो. दोन हेल्मेट गाडीबरोबर जातात, कारण मागे नेहमी कोणीतरी बसतेच. पहिल्या वर्षीचा विमा आम्ही भरतो. पुढच्या वर्षीसाठी बचत गटात महिन्याला शंभर रुपये ठेवायचे. विम्याचा हप्ता त्यात निघतो.

सगळे यशस्वी झाले असे नाही. आत्तापर्यंत दोन गाड्या विकल्या गेल्या. एक घरातल्या आजारपणासाठी विकली, तिला मी काही म्हणू शकले नाही. दुसरी कशासाठी विकली हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. नाव एकदा बदलले की गाडी त्यांची, आम्ही ती परत मागत नाही. संस्थेच्या नावावर ठेवून वापरायला द्यावी, अशी सूचना समितीत आली होती. मी विरोध केला. मग ती आमची गाडी होते, पंक्चरसुद्धा आमचे होते, आणि अपघाताची नोटीसही.

उरला कारचा प्रश्न. कार आणि बारा वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आम्ही सध्या घेत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती वाढवायची तर २०२२ पासून दुचाकीला १००० आणि कारला ५००० रुपये फी आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त, शिवाय पर्यावरण कर. चौदा वर्षांची कार गरिबाला देणे म्हणजे हा खर्च त्याच्या दारात नेऊन ठेवणे. ती विका, हे उत्तम. अगदीच मोडीत काढायची असेल तर सरकारने नोंदणी दिलेल्या भंगार केंद्रातच द्या, तिथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी तुमच्याच नंबरने पुन्हा धावताना सापडू शकते.

विकण्यात देणाऱ्याचाही फायदा आहे. वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीला आयकरात ८०जी खाली वजावट मिळत नाही, पैशाच्या देणगीला मिळते. तीही जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना, आणि २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही, म्हणून चेक किंवा बँकेतून पाठवा. एका कारच्या विक्रीतून आम्ही गेल्या वर्षी तीन वापरलेल्या मोटारसायकली घेतल्या. नवापूरच्या ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून, चेन-ब्रेक नवे टाकून, कागदांसकट.

पुण्याच्या त्या वडीलजनांना मी यातले बरेचसे सांगितले होते. दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी विकली, आणि एसी चालतो म्हणून घेणाऱ्याने पाच हजार वाढवून दिले, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले.

सध्या यादीत चार नावे आहेत. दोन तरुण कापड कारखान्यात, त्यांना एकच मोटारसायकल पुरेल, दोघे एकाच पाड्याचे. पोल्ट्रीत काम करणारी एक विधवा भगिनी, तिला गिअर नसलेली स्कूटर हवी. आणि एक अंगणवाडी मदतनीस, तिचा रस्ता सपाट आहे, तिला चांगली सायकलसुद्धा चालेल. विधवा भगिनी आणि एका तरुणाची पक्क्या लायसन्सची परीक्षा आरटीओच्या नवापूरच्या पुढच्या शिबिरात आहे. ती भगिनी आठचा आकडा काढताना अजून पाय टेकवते. तिच्यासाठी प्रार्थना करा.